फिल्डवर गप्प, मीटिंगमध्ये बोलकं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत डोंबिवलीच्या एका आईंचा प्रश्न छापून आला होता. मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली, आता यूएक्स रिसर्च करायचं म्हणते, पण स्वभावाने अबोल आहे. तिला हे क्षेत्र मानवेल का? उत्तरात सॉफ्टवेअरची नावं होती, ऑनलाइन कोर्सेसची यादी होती आणि शेवटी 'संवादकौशल्य वाढवावे' असा सल्ला होता. आईंनी विचारलं होतं स्वभावाबद्दल, आणि नेमकं तेच उत्तरातून गळलं. मी याच कामावर पोट भरते. हाताखाली बरीच मुलंमुली येऊन गेली. काही टिकली, काही चांगल्या मार्कांची असूनही वैतागून गेली. कोण टिकतं याबद्दल माझी काही मतं झाली आहेत, ती सांगते.

काम थोडक्यात असं: एखादं ॲप, वेबसाइट किंवा मशीन लोक प्रत्यक्षात कसं वापरतात, कुठे अडतात, कुठे नाद सोडतात, हे त्यांच्याजवळ बसून बघायचं आणि ते बनवणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. 'युजर एक्सपीरियन्स', म्हणजेच यूएक्स, हे शब्द हुद्द्यात आले ते १९९३ साली डॉन नॉर्मन हे संशोधक ॲपलमध्ये गेले तेव्हा. माणसांना जवळून बघण्याचं काम त्याहून कितीतरी जुनं आहे. मी स्वतः नव्वदच्या दशकात साबणाचे आणि चहाच्या पुड्यांचे सर्व्हे घेत चाळीचाळींतून फिरायचे. नाक्यापासून सुरुवात करायची, उजव्या हाताने चालत राहायचं, नेमून दिलेली घरं सोडून पुढचं दार वाजवायचं. फॉर्म घरी बसून तर भरले नाहीत ना, हे बघायला मागून सुपरवायझर बॅक-चेकला यायचा. आज प्रश्न ॲपबद्दल असतात, इन्सेंटिव्ह म्हणून स्टीलच्या डब्याऐवजी गिफ्ट व्हाउचर असतं. दारात उभं राहिल्यावर लागणारा स्वभाव मात्र तोच आहे.

त्यातली पहिली आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसता येणं. आणि गप्प बसणं म्हणजे नुसतं तोंड मिटणं नव्हे. एक प्रसंग सांगते.

फोनवरून भरलेले पैसे जमा झाले की आकडा बोलणारा तो डबा (साउंडबॉक्स) आता जिथे तिथे दुकानात दिसतो. त्याचा अभ्यास करायला आम्ही सिटीलाइटच्या मासळी बाजारात गेलो होतो. सोबत एक नवा, हुशार मुलगा होता. त्याने कोळणीला विचारलं, "मावशी, डब्याचा आवाज नीट ऐकू येतो?" "येतो की." "भाषा कळते?" "मराठीतच बोलतो, न कळायला काय?" "काही अडचण?" "काय नाय बाबा." त्याने वहीत बरोबरच्या तीन खुणा केल्या आणि उठला. मी तिथल्याच एका क्रेटवर बसून राहिले. गर्दीच्या वेळेला खरा प्रकार दिसला. गिऱ्हाईक कोड स्कॅन करायचं, फोन तिच्यापुढे धरायचं. ती फोनकडे बघायचीच नाही. पिशवी पुढे करायची, पण सोडायची नाही. डबा बोलला की मगच बोटं सैल करायची. तेवढ्यात दोन बायकांनी जवळजवळ एकदमच पैसे भरले. दोघींचेही २०० रुपयेच होते. डबा एकदा बोलला, 'दोनशे रुपये मिळाले'. कोणाचे? हिने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, मनगटाने चष्मा वर सारला, आणि ओळखीच्या बाईला आधी पिशवी दिली. दुसरी रागावली. मग डबा पुन्हा बोलला.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, मघाशी अडचण काय म्हटल्यावर हे का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "ती कसली अडचण? तो धंदा हाय."

हे वाक्य मी नव्या मुलांना पाठ करायला लावते. माणसं रोज ज्या गैरसोयीशी जमवून घेतात, तिला ती गैरसोय म्हणतच नाहीत. त्यामुळे नुसतं विचारून ती मिळत नाही. तिथे बसावं लागतं. बसताना फोन बघायचा नाही, कंटाळा चेहऱ्यावर दाखवायचा नाही, मासळीच्या पाण्यात पाय भिजले तरी साडीची काळजी करायची नाही. ज्याला 'वेळ फुकट गेला' असं लगेच वाटतं, त्याने या वाटेला जाऊ नये.

ऑफिसातल्या चाचणीत तर गप्प बसणं याहून कठीण. समोर एक काका बसलेले असतात, त्यांना ॲपवरून विजेचं बिल भरायला सांगितलेलं असतं. बटण डोळ्यांसमोर असतं आणि ते भलतीकडेच बोट फिरवत असतात. नव्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना अडताना बघून मदत न करणं म्हणजे उद्धटपणा, तसंच शिकवलेलं असतं आपल्याला. पण मदत केली की चाचणी संपली. काका घरी एकटे असतील तेव्हा काय करतील हे कधीच कळणार नाही. "हे दाबू का?" असं त्यांनी विचारलं तर आपण म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं, दाबल्यावर काय होईल?" प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिल्यावर कुणालाही राग येईल. म्हणून सुरुवातीलाच मनापासून सांगावं लागतं, "काका, परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे." मनापासून म्हणजे खरोखर मनापासून. पोपटपंची केली की माणसांना ती लगेच ऐकू येते, आणि मग ते आपल्याला बरं वाटावं म्हणून 'छान आहे, सोपं आहे' म्हणत सुटतात. पाहुण्याच्या तोंडावर वाईट कोण बोलेल?

(चहाबद्दल एक कंसातली सूचना. कोणाच्या घरी गेलात आणि चहा विचारला तर नको म्हणू नका. ठरवलेले प्रश्न संपतात, पेन खाली ठेवलं जातं, कप हातात येतात, आणि मग घरातली सून म्हणते, "खरं सांगू का, तो फोन माझा नाहीच, ह्यांचा आहे, मेसेज त्यांच्यावरच जातात." दीड तासात निघालं नाही ते बशीत चहा ओतताना निघतं.)

गप्प बसण्याच्या मागे आणखी एक गोष्ट लागते. समोरचा माणूस मूर्ख नाही यावर विश्वास. तो नसेल तर तुमचं मौन तुच्छतेचं होतं, आणि तेही लोकांना कळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे काही वैमानिक विमान सुखरूप उतरवल्यावर धावपट्टीवर चाकं आत ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. दोष वैमानिकांचा, असंच धरलं जायचं. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा मानसशास्त्रज्ञ कॉकपिटमध्ये जाऊन बघून आला. पंखांच्या फ्लॅप्सचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला एकसारखे. त्याने एकावर छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर फ्लॅपसारखी पाचर. बोटांना फरक कळला आणि प्रश्न मिटला. आपल्याकडेही यूपीआय २०१६ साली आलं, आणि पैसे मिळणार म्हणून पिन टाकून उलट पैसे घालवलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. 'अडाणी', 'हावरे' म्हणून मोकळे झालो. पण पैसे द्यायचे असोत की कोणी पाठवलेली मागणी मान्य करायची असो, पुढे येणारी पिनची चौकट तीच होती, हे किती जणांनी बघितलं? शेवटी दोन व्यक्तींमधल्या पैसे मागण्याच्या या 'कलेक्ट रिक्वेस्ट' यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केल्या. चुकणाऱ्या माणसावर न चिडता तो जिथे चुकला त्या जागेकडे बघण्याची सवय काहींना उपजत असते. विशेषतः घरी आजीला फोन शिकवताना जी मुलं ओरडत नाहीत, त्यांना.

आता त्या आईंच्या मुलीचं अबोल असणं. माझ्या मते ते नापास होण्याचं कारण नाही, पण पास होण्याचंही नाही. अबोल माणसं दोन तऱ्हेची बघितली आहेत. एक तऱ्हा समोरच्याकडे लक्ष असल्यामुळे गप्प असते, दुसरी स्वतःकडे लक्ष असल्यामुळे: मी कशी दिसते, मी चुकीचं तर बोलले नाही ना. दुसऱ्या तऱ्हेला फिल्डवर फार त्रास होतो. उलट बोलक्या मुलीही उत्तम करताना पाहिल्या आहेत, अट एवढीच की आपली हुशारी दाखवायची खाज नको. ज्याला 'मला माहीत आहे' असं म्हणायची सवय आहे, त्याला लोक काहीच सांगत नाहीत. मी आजही एटीएमसमोर उभी राहून "हे कसं करतात हो?" असं बिनदिक्कत विचारते. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं. तेवीस वर्षांच्या इंजिनिअर मुलाला बावळट दिसायची भीती वाटते. ती भीती गेली की अर्धं काम झालं.

दयाळूपणा हवा म्हटलं म्हणजे भोळेपणा चालतो असं नाही. मुंबईत चाचण्यांना माणसं आणून देणारे रिक्रूटर असतात, आणि व्हाउचरसाठी चाचण्या देत फिरणारे पट्टीचे रिस्पॉन्डंटही. मागच्या अभ्यासात गृहिणी म्हणून आलेल्या बाई या वेळी बुटिकच्या मालकीण होऊन येतात. "दुकानात माल कुठून आणता?" एवढा साधा प्रश्न गोड आवाजात विचारायचा, उत्तर कसं येतं ते बघायचं. कापडाच्या मंगलदास मार्केटचं नाव तर कोणीही घेईल, पण कुठल्या वेळेला जायचं, उधारी किती दिवसांची, हे तिथे जाणाऱ्यालाच सांगता येतं.

तसाच संशय स्वतःच्या क्षेत्रातल्या सुभाषितांवरही हवा. अशा चाचण्यांचे जाणकार जेकब नील्सन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९३ साली हिशेब मांडला होता की ५ माणसांवर चाचणी घेतली तर सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हे वाक्य आता खर्च वाचवायचा असलेल्या प्रत्येक साहेबाला पाठ आहे. ते माणसं एकाच तऱ्हेची असतील तेव्हाचं गणित आहे, गट वेगळे असतील तर प्रत्येकाची वेगळी चाचणी घ्या, आणि दुरुस्त्या करून पुन्हा पुन्हा घ्या, हे नील्सन यांनीच सांगितलंय. ते मात्र कोणाला आठवत नाही. वांद्र्याच्या कॉफीच्या दुकानातली पाच मुलं म्हणजे मुंबई नव्हे, हे म्हणण्याइतका हट्टीपणा अंगात असावा लागतो.

आणि इथे मी दुसऱ्या अर्ध्याकडे येते. यूएक्स रिसर्चच्या सल्ल्यांत सहानुभूती, कुतूहल, संयम हे शब्द हमखास असतात. बरोबरच आहेत. पण एवढ्यावर माणूस फक्त चांगला श्रोता होतो. ऐकलेलं घेऊन काचेच्या इमारतीत परत जावं लागतं, आणि तिथे तोंड उघडावं लागतं. मी पाहिलंय की बहुतेकांचं नेमकं उलटं होतं: फिल्डवर बडबड आणि मीटिंगमध्ये मौनव्रत.

एका पैशांच्या ॲपची गोष्ट. नाव सांगणार नाही. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये गेला आणि परत आला की भरलेला फॉर्म कोरा व्हायचा. मुलुंडचे एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्राच्या समासात ओटीपी उतरवून घेत होते, परत येऊन बघतात तर सगळं पुसलेलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. शेवटी फोनलाच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकत असेल." लोअर परळच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं, तेव्हा लाँचची तारीख आधीच जाहीर झालेली होती. प्रॉडक्टचे प्रमुख म्हणाले, युजरना एक व्हिडिओ बनवून शिकवू. अशा वेळी आवाज चढवला की बाई भावनिक आहेत असं ठरतं, गप्प राहिलं की विषय संपतो. मी फक्त म्हटलं, अर्धं मिनिट द्या, आणि त्या गृहस्थांचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी त्याची परवानगी दिलेली होती, चेहरा झाकलेला होता. 'माझंच काहीतरी चुकत असेल' ऐकून एक-दोघं हसले, मग कोणीच हसलं नाही. लाँचची तारीख हलली नाही. पण फॉर्म पुसला जाणं त्या तारखेच्या आत थांबलं.

इथे लागणारा गुण धीटपणाच, पण पुराव्याला धरून. मी काय पाहिलं आणि मला काय वाटतं, हे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहायची ज्याला शिस्त आहे त्याचाच धीटपणा टिकतो. आणि ते त्याच दिवशी लिहायचं. लोकलमध्ये बसायला मिळालं तर लोकलमध्येच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीत आपलं मत शिरलेलं असतं.

शिवाय बनवणाऱ्यांचा राग करून चालत नाही. फिल्डवरच्या माणसांबद्दल माया आणि प्रोग्रामरबद्दल तिरस्कार, असे रिसर्चर मी पाहिले आहेत. त्यांचे रिपोर्ट कोणी उघडत नाही. एका अँड्रॉइडवाल्या मुलाशी वाद घालण्याऐवजी मी त्याला गोवंडीला घेऊन गेले. तिथल्या एकाच्या फोनचा तडा गेलेला स्क्रीन, भरून गेलेलं स्टोरेज, बॅटरी पुरावी म्हणून उजेड अगदी कमी केलेला, आणि वर दुपारचं ऊन. त्याने हौसेने निवडलेली फिकट राखाडी अक्षरं त्या फोनवर दिसतच नव्हती. तो परत जाऊन कोणी न सांगता रंग बदलून मोकळा झाला.

एक गुण कुठल्याच यादीत नसतो, तो म्हणजे पोटात ठेवता येणं. लोक आपल्यासमोर बँकेतली शिल्लक उघडतात, नवऱ्याने कोणाला पैसे पाठवले ते दिसतं, पिन मोठ्याने म्हणत टाकतात. तेव्हा मान फिरवायची, आणि 'पिन मलाही सांगू नका' असं बजावायचं. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, संमतीपत्रकं आली, ते चांगलंच झालं. पण संमतीपत्रकावर सही केलेल्या बाईची गोष्ट संध्याकाळी पार्टीत किस्सा म्हणून सांगणारा माणूस कायद्याने सुधारत नाही. त्याला मी पुढच्या फिल्डला नेत नाही.

आता एआय मुलाखती उतरवून देतं, सारांशही काढून देतं. मी वापरते, वेळ वाचतो. पिशवी पुढे केली पण बोटं सैल सोडली नाहीत, हे मात्र त्या उताऱ्यात कुठेच नसतं, कारण ते कोणी बोललेलंच नसतं.

डोंबिवलीच्या ताईंना, थेट. समाजशास्त्र ही कमी नाही, उलट भांडवल आहे. पवईला आयआयटीत १९६९ पासून डिझाइन शिकवतात, तिथल्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा असते. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तर १९३६ पासूनची. पण पदवीच्या नावावर अडू नका. इंग्रजी लिहिता यायला हवं हे लपवणार नाही, कारण रिपोर्ट इंग्रजीतच मागतात. ते शिकता येतं, सॉफ्टवेअर तर महिन्याभरात येतं. मुलीची मराठी, हिंदी, जमलं तर थोडी गुजराती, हे मात्र मोठ्या पगाराच्या पुष्कळ मंडळींकडे नसतं.

आणि फी भरण्याआधी एक करून बघा. स्टेशनवर एटीव्हीएमच्या तिकीट मशीनजवळ निवृत्त रेल्वे कर्मचारी बसलेले असतात, लोकांना तिकिटं काढून देतात. मशीन कोणालाही वापरता येण्यासारखं असूनही लोक त्यांच्याचपुढे रांग लावतात. मुलीला गर्दीच्या वेळेला तासभर तिथे बाजूला उभं राहू द्या. मोबाइल घरी. लोक मशीन सोडून त्या काकांकडे का जातात याची तिने घरी येऊन कारणं सांगावीत, आणि प्रत्येक कारणाला 'हे मी कुठे पाहिलं' ते जोडावं. मग एखाद दिवसाने त्या काकांनाही विचारावं. त्यांच्याइतका पाहणारा माणूस अख्ख्या फलाटावर नसेल. 'लोकांना टेक्नॉलॉजी जमत नाही' एवढंच घेऊन ती परत आली, तर दुसरं क्षेत्र बघा. सुट्टे पैसे, चष्मा, सुटत असलेली गाडी, मागे उभ्या माणसाचं 'चला, लवकर' असलं काही घेऊन आली, आणि पुन्हा जायचं म्हणाली, तर तिला अडवू नका.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर विमानाचं आणि नील्सन यांचं कापा. मासळी बाजार आणि मुलुंडचे गृहस्थ तेवढे ठेवा. कंपन्यांशी गोपनीयतेचे करार असतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व)